वीस वर्षे टिकणारा आवाज

1920 च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. स्वागताध्यक्ष होते वर्ध्याचे जमनालाल बजाज. नुसत्या प्रतिनिधींचाच आकडा चौदा हजारांवर गेला होता, बघ्यांची गर्दी वेगळी. असहकाराच्या ठरावावर इथे शिक्कामोर्तब झाले, पण एवढ्या मोठ्या मंडपात लाऊडस्पीकर नव्हता. वक्त्याचा गळा जिथवर पोचेल तिथवरच सभा. त्यापलीकडे बसलेल्यांनी पुढच्यांच्या टाळ्यांवरून काय ते समजायचे.

पुढच्या अकरा वर्षांत हे चित्र पालटले. मार्च 1931 च्या कराची अधिवेशनात भाषणे लाऊडस्पीकरवरून ऐकू आली. ती यंत्रणा ‘शिकागो रेडिओ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीची होती. नावात शिकागो असले तरी कंपनी अस्सल देशी. सिंधमधल्या सक्करला 1909 मध्ये मोटवाने कुटुंबाने ती सुरू केली आणि पुढे मुंबईला आणली. नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या सभांना माइक आणि भोंगे पुरवण्याचे काम व्रतासारखे चालवले. गांधीजींची, नेहरूंची जुनी छायाचित्रे नीट पाहिली तर माइकजवळ ‘शिकागो रेडिओ’ ही पाटी अनेकदा दिसते.

14 जुलै 1942 रोजी काँग्रेस कार्यसमितीने वर्ध्यात ठराव केला आणि ब्रिटिशांनी भारत सोडावा ही मागणी लेखी मांडली. 8 ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँकवर त्या ठरावाचे ‘करा किंवा मरा’ झाले, तेही लाऊडस्पीकरवरून. काही आठवड्यांतच उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्याबद्दल झालेल्या खटल्यात नानिक मोटवानेही आरोपी होते. पुढे ते निर्दोष सुटले. वर्ध्यात लिहिलेला शब्द देशाच्या कानावर घालायला तार, चुंबक आणि कागदी पडदा यांची गरज पडली होती, आणि ती यंत्रे चालू ठेवणारे हात लागले होते.

लाऊडस्पीकरचा इतिहास बहुधा शोध लावणाऱ्यांच्या नावांनी सांगितला जातो. पण हे यंत्र विकत आणले आणि विसरून गेले, असे कधीच नव्हते. उघड्या मैदानात, धुळीत, अवकाळी पावसात, मोटारीच्या बॅटरीवर चालणारी यंत्रणा सभा संपेपर्यंत टिकवायची तर सोबत डाग देण्याची कावी आणि ती धरता येणारा माणूस हवाच. त्या माणसाच्या विद्येचा इतिहास फारसा कुणी लिहून ठेवला नाही. त्या विद्येच्या मुळाशी असलेला विचार मात्र पुढे वर्ध्याशी जोडल्या गेलेल्या एका संस्थेने कागदावर लिहून ठेवला होता, तोही एका वेगळ्याच यंत्राच्या निमित्ताने.

ते यंत्र म्हणजे चरखा. 1929 च्या जुलैत अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळी ही रक्कम थक्क करणारी होती. अटीही तशाच होत्या. चरखा हलका, सहज नेता येणारा आणि खेड्यातल्या झोपडीत हातापायांनी चालवता येणारा हवा. बाईमाणसाला फार न थकता आठ तास चालवता यायला हवा, आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघायला हवे आणि किंमत दीडशे रुपयांवर जाता कामा नये. या यादीतली सर्वांत दूरदृष्टीची अट देखभालीची होती. वेळच्या वेळी निगा राखल्यास यंत्र किमान वीस वर्षे चालले पाहिजे आणि त्या निगेचा वार्षिक खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त असता कामा नये. दीडशे रुपयांच्या चरख्याला वर्षाचा खर्च साडेसात रुपये.

सगळ्या अटींना उतरेल असे यंत्र कुणी दिले नाही आणि बक्षीसही कुणाला मिळाले नाही. पण यंत्राची पारख करताना ते किती सूत काढते याच्या जोडीला ते किती वर्षे टिकेल आणि टिकवायला काय पडेल, हे आकड्यांत विचारण्याची रीत त्या कागदाने घालून दिली. 1934 मध्ये गांधीजी वर्ध्याला आले आणि डिसेंबरात मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्या हाती सुरू झाले. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. घाणी, जाती, चुली, कागदाची अवजारे आणि चरख्यांचे नमुने तिथे मांडले गेले. मगनलाल गांधींच्या नावाचा, पायाने चालणारा आणि दोन्ही हातांनी सूत काढणारा मगन चरखा त्यातलाच. पुढे चरखा संघाचे कामही सेवाग्रामला आले. गावच्या सुताराला आणि लोहाराला जे दुरुस्त करता येते तेच गावाचे खरे यंत्र, ही धारणा या सगळ्या खटाटोपामागे होती.

हाय-फाय स्पीकर ही चैनीची, शहरी वस्तू. तिचा मगनवाडीशी थेट संबंध काहीच नाही. तरीही वीस वर्षे आणि पाच टक्के ही फूटपट्टी तिला लावून पाहिली तर उत्तर विचार करायला लावते. चांगल्या घडणीचा जुना स्पीकर या परीक्षेत उत्तीर्ण होतो. वीस काय, पन्नास वर्षेही तो वाजतो. फक्त त्याच्या कोणत्या भागाला म्हातारपण येते आणि कोणत्या भागाला येत नाही, हे घरच्या माणसाला ठाऊक हवे.

स्पीकरची रचना सोपी आहे आणि शंभर वर्षांत ती मुळातून बदललेली नाही. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी 1925 मध्ये तिचे गणित पक्के केले. लोखंडी चुंबकाच्या मधोमध एक अरुंद गोल फट. त्या फटीत तांब्याच्या बारीक तारेची कॉइल, कशालाही न टेकता तरंगती. कॉइलला चिकटलेला कागदी कोन. अॅम्प्लिफायरकडून येणारा प्रवाह कॉइलमधून पुढे-मागे वाहतो, चुंबकाच्या क्षेत्रात कॉइल पुढे-मागे सरकते, कोन हवा ढकलतो आणि आवाज उमटतो. कोन मध्यावर राहावा म्हणून त्याला दोन ठिकाणी आधार असतो. आत चुण्यांची, डिंक पाजलेल्या कापडाची चकती, तिला मेकॅनिक स्पायडर म्हणतात. बाहेर काठाला कापडाची, रबराची किंवा फोमची लवचिक किनार. कॉइल आणि लोखंड यांच्यातली मोकळी जागा एका मिलिमीटरहून बरीच कमी असते. घरच्या दुरुस्तीत सगळी कसोटी लागते ती या एवढ्याशा जागेवर.

सुरुवातीच्या स्पीकरांत कायमचा चुंबक नसे. तारेचे मोठे वेटोळे विजेवर चालवून चुंबक तयार केला जाई. नंतर अल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे चुंबक आले. 1978 मध्ये झाईरमधल्या संघर्षाने कोबाल्ट महागला आणि बहुतेक कारखाने काळ्या फेराइट चुंबकांकडे वळले. म्हणूनच जुन्या स्पीकरच्या पाठीवर लहान चंदेरी चुंबक दिसला तर तो बहुधा त्याआधीचा, आणि मोठी काळी चकती दिसली तर बहुधा नंतरचा.

वर्धा जिल्ह्याच्या घराघरांत आवाज पोचला तो रेडिओवरून. 16 जुलै 1948 रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले आणि पाऊणशे किलोमीटरवरच्या वर्ध्याला मराठी कार्यक्रम स्पष्ट ऐकू येऊ लागले. त्या वेळी वर्धा मध्य प्रांतात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रसिद्ध प्रयोग केला होता. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा आणि त्यावर चर्चा करायची, अशी ती योजना. पश्चिम महाराष्ट्रातल्या त्या यादीत वर्ध्याची गावे नव्हती, पण 1959 पासून अशी मंडळे देशभर निघाली. चावडीवरच्या रेडिओची कळ कुणाच्या ताब्यात, बॅटरी उतरली तर नवी कोण आणणार आणि बिघडला तर तालुक्याला कोण नेणार, हे प्रश्न गावोगावचे होते.

भोंग्याचा जमाना वेगळ्या वाटेने रुजला. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथल्या बिछायत केंद्रांत गाद्या-सतरंज्यांसोबत माइकसेटही भाड्याने मिळू लागला. भजन मंडळांचे कार्यक्रम, आंबेडकर जयंती, लग्ने, निवडणुका आणि सिंदी रेल्वेचा गाजलेला तान्हा पोळा, भोंग्याशिवाय काहीच पार पडेना. 1940 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या अहुजा कंपनीची उपकरणे या धंद्यात घट्ट रुतून बसली. भोंग्याच्या बुडाशी जो गोल डबा असतो त्याला ‘युनिट’ म्हणतात. आवाज जास्त सोडला की युनिट जळते, म्हणजे आतल्या पातळ पडद्याची कॉइल तुटते. चार स्क्रू काढायचे, जुना डायाफ्राम उचलायचा, फटीतला कचरा चिकटपट्टीने टिपायचा, नवा बसवायचा. लग्नाच्या वरातीत पेट्रोमॅक्सच्या उजेडात हे काम करणारे कारागीर होते. कारखान्याने डायाफ्राम सुटा विकायला ठेवला, म्हणूनच हे जमले. वस्तू घडवतानाच तिच्या दुरुस्तीची सोय ठेवणे म्हणजे काय, याचे दुसरे उदाहरण शोधायला नको.

बैठकीच्या खोलीत हाय-फाय आले ते सत्तर-ऐंशीच्या दशकांत. 1966 मध्ये जर्मनीने हाय-फाय कशाला म्हणावे याचे मानक ठरवले. स्पीकरने किमान 50 ते 12,500 हर्ट्झपर्यंतचे सूर नीट वाजवावेत, असे त्यात होते. भारतात परदेशी माल आणण्यावर कडक बंधने होती. फिलिप्स, मुंबईची कॉस्मिक, कोलकात्यात 1970 मध्ये निघालेली सोनोडाइन, ही इथली मातब्बर नावे. तरीही तयार जोडी मध्यमवर्गीय पगाराला परवडत नसे. त्यामुळे एक मोठा वर्ग स्वतःच स्पीकर बांधणाऱ्यांचा होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा नागपूरहून खालच्या सुरांचे वूफर आणि वरच्या सुरांचे ट्विटर सुटे आणायचे, इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकातला नकाशा समोर ठेवायचा आणि ओळखीच्या सुताराकडून पेटी करून घ्यायची. खुद्द फिलिप्स कंपनीने स्पीकरची पेटी घरी कशी बांधावी याचे पुस्तक काढले होते. पेटीचे घनफळ किती, छिद्र किती व्यासाचे, आतून अस्तर कशाचे, हे सगळे त्यात आकड्यांसह होते. ज्याने पेटी बांधली त्याला ती उघडायची भीती नव्हती.

आज ज्या घरांत हे स्पीकर उरले आहेत तिथे त्यांचे वय पस्तीस ते पन्नासच्या घरात आहे. वर्ध्याचे हवामान त्यांना सोसायला कठीण. मेमध्ये पारा पंचेचाळिशीपलीकडे जातो, जूनमध्ये एकदम ओल येते, आणि उन्हाळाभर खोलीत कूलर पाण्याची वाफ सोडत असतो. कूलरच्या झोताजवळ मांडलेल्या स्पीकरला भर वैशाखातही पावसाळ्याची हवा लागते.

सर्वांत आधी मरते ती फोमची किनार. 1970 च्या सुमारास अनेक कारखान्यांनी कापड सोडून फोम घेतला, कारण तो हलका, लवचिक आणि खालचे सूर मोकळे करणारा होता. पण हा फोम पॉलियुरेथेनचा. हवेतली ओल त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडते, उष्णता हे काम वेगाने करवते. पंधरा-वीस वर्षांत बोट लावताच तो चिकट भुकटी होऊन गळतो. स्पीकर न वाजवता कपाटात जपून ठेवला तरी फोम वाचत नाही. याउलट जुन्या पद्धतीची, कोनाच्याच कागदाला चुण्या पाडून केलेली किंवा कापडी किनार अर्धशतक सहज काढते. स्वस्तातल्या देशी स्पीकरांना अशा किनारी असत. त्यामुळे अनेक घरांत महागडी परदेशी जोडी मुकी झाली आणि साधी देशी जोडी अजून गाते आहे.

फोम गेला की आवाज फाटतो, वूफर फडफडतो, आणि दुकानदार म्हणतो, ‘स्पीकर गेला.’ खरे तर चुंबक शाबूत असतो, कॉइल शाबूत असते, कोनही बहुतेक वेळा धड असतो. गेलेली असते ती अर्ध्या बोटाच्या रुंदीची एक किनार.

ती बदलण्याचे काम घरच्या टेबलावर होते. आधी तपासणी. अॅम्प्लिफायर बंद करून वायरी सोडवायच्या आणि मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजायचा. आठ ओहमच्या स्पीकरला साधारण साडेपाच ते सात ओहम दिसले तर कॉइल जिवंत आहे. काटा हललाच नाही तर तार तुटलेली आहे. मग दोन्ही हातांची बोटे कोनावर समोरासमोर ठेवून तो अलगद आत दाबायचा. खरखर लागली तर कॉइल वाकडी झाली आहे किंवा फटीत कचरा आहे. काहीच लागले नाही तर पुढे जायला हरकत नाही. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहायचा. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक खुणेला लागले की कोन बाहेर उडी घेतो. ही दिशा आणि वायरींचे रंग कागदावर लिहून ठेवायचे, कारण नंतर एक स्पीकर उलटा जोडला गेला तर दोघांचे खालचे सूर एकमेकांना मारतात आणि दुरुस्ती फसली असे वाटते.

आता कामाला हात. वूफर पेटीतून काढायचा. जुन्या फोमची भुकटी कोनाच्या काठावरून आणि लोखंडी चौकटीवरून बोथट पात्याने खरवडायची. उरलेला जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने भिजवून पुसायचा. कोन कागदी असेल तर बोळा ओलसर हवा, निथळता नको. नवी किनार विकत घेताना चारही मापे जुळली पाहिजेत, म्हणजे बाहेरचा व्यास, आतला व्यास, वळीची रुंदी आणि काठाचा उतार. आठ इंची म्हटले म्हणून कोणतीही आठ इंची चालत नाही. आधी किनार कोनाला चिकटवायची आणि पूर्ण वाळू द्यायची. कागदी कोनाला पांढरा, वाळल्यावर थोडा लवचिक राहणारा गोंद चांगला. क्षणात चिकटणारा गोंद टाळावा. तो काचेसारखा कडक होतो आणि चूक सुधारायला सवड देत नाही.

खरी नजाकत पुढच्या पायरीत आहे. किनारीची बाहेरची कड चौकटीला चिकटवताना कॉइल बरोबर मध्यावर आली पाहिजे. जुने कारागीर कोनाच्या मधली टोपी ब्लेडने गोल कापून उघडतात आणि कॉइल व मधला लोखंडी खांब यांच्यात जाड कागदाच्या किंवा फिल्मच्या चार सारख्या पट्ट्या सरकवतात. पट्ट्यांनी कॉइल चहूबाजूंनी सारखी धरली की मग किनार दाबून बसवायची. दुसरी रीत टोपी न कापण्याची. गोंद ओला असताना 30 हर्ट्झच्या आसपासचा मंद सूर अगदी हळू आवाजात सोडायचा. कोन डोळ्याला दिसेल असा मागे-पुढे झुलतो. कुठे घासले तर खरखर ऐकू येते. मग त्या बाजूची किनार केसभर सरकवायची, खरखर थांबेपर्यंत. वूफर पालथा न घालता रात्रभर तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी आधी हळू आवाजात, मग नेहमीच्या आवाजात ऐकून पाहायचे.

ज्या स्पीकरची कॉइलच जळाली आहे त्याला मेकॅनिक ‘कोन टाकतात’. जुना कोन, कॉइल, स्पायडर, सगळे कापून काढायचे आणि त्याच मापाचा नवा संच चौकटीत बसवायचा. हे काम जाणत्याकडे दिलेले बरे. चुंबक मात्र कुणीच उघडू नये. अल्निको चुंबक लोखंडी भागांपासून सुटा केला की त्याची ताकद लक्षणीय उतरते आणि घरी ती परत भरता येत नाही.

म्हातारपण किनारीपुरतेच नसते. पेटीच्या आत वूफरला खालचे आणि ट्विटरला वरचे सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर असतो. त्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वर्षांनुवर्षांच्या उन्हाळ्यांत आतून सुकतात आणि त्यांची मापे बदलतात. झांजांचा झणकार मंदावला, बासरीतली फुंकर हरवली, तर बहुधा दोष तिथे असतो. त्याच मायक्रोफॅरडचे नवे फिल्म कपॅसिटर घातले की पुढची काही दशके पाहावे लागत नाही. समोरची आवाज कमी-जास्त करणारी गोल कळ वर्षानुवर्षे एकाच जागी राहिली तर आत गंज धरतो. वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवली की पुष्कळदा तेवढ्यानेच ट्विटर बोलू लागतो. कोनापासून टर्मिनलपर्यंत जाणाऱ्या पिळाच्या मऊ तारा सतत हलून मुळाशी तुटतात. नवी तार लावताना डाग कमीत कमी द्यावा, कारण डागाचे कथील तारेत चढले की ती ताठ होते आणि पुन्हा तुटते.

पेटीचे शत्रू वेगळे. बारीक भुशाच्या फळीची पेटी ओल लागली की कोपऱ्यांतून फुगते. प्लायवूडला उधई लागते. बास छिद्रातून उंदीर आत शिरला तर अस्तराचे घरटे होते आणि कोनाचा काठ कुरतडला जातो. म्हणून पेटी भिंतीला टेकवू नये, जमिनीपासून चार बोटे उंच ठेवावी, आणि छिद्राला आतून विरळ जाळी लावावी. अस्तर खराब झाले असेल तर कापसाच्या या जिल्ह्यात पर्याय दूर नाही. पिंजलेली रुई पातळ कापडात शिवून पेटीच्या आतल्या भिंतींना लावली की ती मधले आणि वरचे सूर चांगले शोषते. पावसाळ्यानंतर ती एकदा उन्हात घालावी लागते, एवढेच. समोरचे फाटलेले जाळीचे कापड बदलायला विरळ विणीची खादी चालते. तोंडासमोर धरून फुंकर मारावी. ती विनाअडथळा पार गेली तर आवाजही जातो.

या सगळ्या कामाला लागणारा पैसा पाहिला की चरखा संघाची अट पुन्हा आठवते. दहा हजार रुपयांच्या जोडीला पाच टक्क्यांच्या हिशेबाने वर्षाला पाचशे रुपये, वीस वर्षांत दहा हजार. किनारी, कपॅसिटर, गोंद आणि मेकॅनिकची मजुरी धरूनही इतका खर्च सहसा होत नाही. 1929 मधल्या कसोटीला जुना स्पीकर उतरतो, तेही सहज.

मग ही विद्या मागे का पडली? 1991 नंतर आयात खुली झाली, एकाच खोक्यात पाच-सहा स्पीकर देणारे स्वस्त संच आले. कॅसेट गेली, सीडी आली आणि गेली, गाणे मोबाइलमध्ये शिरले. आजचा छोटा ब्लूटूथ स्पीकर प्लास्टिकच्या सांध्यांनी सीलबंद असतो. त्यातली बॅटरी काही वर्षांत थकते, ती बदलायला पेटी फोडावी लागते, आणि फोडलेली पेटी पुन्हा जुळत नाही. तिथे कारागिराच्या कौशल्याला वावच ठेवलेला नाही. सुटे भाग मिळेनासे झाले की दुकाने मोबाइलच्या काचा बदलू लागतात. मेकॅनिकने कौशल्य सोडले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आधी वस्तूच त्याला बंद झाली.

कुमारप्पांनी आपल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या 1945 मधल्या ग्रंथात निसर्गाच्या संपत्तीचे दोन भाग केले आहेत. खाणीतल्या साठ्यासारखी, वापरली की संपणारी, आणि झाडापिकांसारखी, वाहती, पुन्हा भरून येणारी. स्पीकरमध्ये या दोन्ही आहेत. कागद, कापड, लाकूड वाहत्या भागातले. तांबे, निकेल, कोबाल्ट साठ्यातले. यातला जो भाग झिजतो तो बहुतांशी स्वस्त आणि बदलता येणारा, आणि जो खाणीतून आलेला तो पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा. फोमची किनार गळली म्हणून चुंबकासकट सगळे भंगारात घालणे, हा कुमारप्पांच्या हिशेबात उघड तोटा आहे.

सरकारलाही हे उशिरा का होईना पटू लागले आहे. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात आहेत. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती कारखान्यांनी खुली करावी, हा त्यामागचा आग्रह. विद्युत कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, पण त्यांचा भर गोळा करण्यावर आणि वितळवण्यावर आहे. वितळवण्याआधी दुरुस्त करता येते का, हे पाहणारा माणूस गावात असल्याशिवाय हक्क कागदावरच राहील.

असा माणूस घडवण्याची सोय वर्ध्यात आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये इथेच भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताच्या कामातून शिक्षणाचा पुरस्कार केला आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. एक जुना वूफर टेबलावर ठेवला तर मुलांना चुंबकत्व, विद्युतरोध, ध्वनी आणि गोंदकाम एकाच दुपारी शिकवता येते, आणि दुपार संपताना हाती वाजणारी वस्तू असते. या संस्थांनी हे काम जरूर हाती घ्यावे. जिल्ह्यातले जे जुने मेकॅनिक अजून कोन टाकतात त्यांना शिकवायला बोलवावे आणि त्यांच्या हातची रीत चित्रफितीत नोंदवून ठेवावी.

आणि ज्यांच्या घरात माळ्यावर, पलंगाखाली, देवघराच्या मागे जुनी जोडी पडून आहे त्यांनी ती भंगारवाल्याला देण्याआधी एकदा पुढची जाळी काढून पाहावी. किनार गळलेली असली तरी कॉइलचा रोध मोजावा. साडेपाच ते सात ओहम दिसले तर तो स्पीकर दुरुस्त होणारा आहे.